मार्थाबाईंची होडीतली बैठक

मार्थाबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली. वेंगुर्ल्याजवळच्या शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच दिवशी पंख्याखालच्या खुर्चीवरून चित्रकलेच्या गुरुजींशी माझी जुंपली. बाई तिथल्या ज्येष्ठ शिक्षिका. त्या शांतपणे आल्या, त्याच खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हां, आता चालू द्या." भांडायला काही उरलंच नाही.

आज बाई पंच्याहत्तरी पूर्ण करीत आहेत. सगळ्या गावाला त्यांच्याबद्दल आदर आहे. थोडी भीतीही आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोन वाड्यांत वैर पेटलं. जेटीकडची पायवाट गोविंदाच्या काजूबागेतून जाते. मासेमार बाबलच्या वाडीतली मुलं बोंडं पळवतात, म्हणून गोविंदाने वाटेवर काटेरी कुंपण घातलं. पुढे बाबलच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला डोंगराला वळसा घालून दवाखान्यात न्यावं लागलं. बाळबाळंतीण सुखरूप राहिली, पण दोन्हीकडून कोयते बाहेर आले. गावच्या बैठका उधळल्या. बायकांचं मात्र मासळीबाजारात केव्हाच मिटलं होतं. त्या बाईंकडे गेल्या.

बाईंनी या दोघा जुन्या विद्यार्थ्यांना वेगवेगळा निरोप धाडला: खाडीपलीकडे चर्चमध्ये जायचंय, सोबत ये. मलाही नेलं. नाही म्हणायची कोणाची छाती? बाबल वल्ही मारताना गोविंदाकडेच डोळे वटारत राहिला आणि ओहोटीत होडी वाळूत रुतली.

"उतरा नि ढकला," बाई म्हणाल्या.

"ह्येच्यावांगडा मी हात लावचंय नाय!" म्हणत बाबल गोविंदाची सोबत टाळून पुढच्या टोकाला गेला, गोविंद मागच्या. दोघांनी जीव खाऊन ढकललं, एकमेकांच्या दिशेने. होडी तसूभर हलेना. बाईंनी डबा उघडून मला घावन दिलं.

"रे, दोघंय एका बाजूक येवा. नायतर भरती येयसर हयच भांडा."

आधी गोविंदच हसला. होडी सुटली तेव्हा तो म्हणाला, "कुंपण काढतंय. पण बोंडांका हात लावूचो नाय."

"पोरांका मी सांगतंय," बाबल म्हणाला.

परतलो तर अर्धं कुंपण तोडून झालेलं. दोन्ही वाड्यांतल्या बायका कामाला लागल्या होत्या. सर्वांत पुढे गोविंदाची बायको.

"बाई, ओहोटी ठाऊक होती?" मी विचारलं.

"ओहोटी देवाची. मी फक्त वेळ बघितली."

बाबलची नात आता त्याच वाटेने अंगणवाडीत जाते.

बाईंना निरोगी शंभरी लाभो, असं आम्ही देवळात आणि चर्चमध्येही मागितलं आहे. त्यात आमचा स्वार्थ आहे: सत्काराचा हार आधी कोणत्या वाडीने घालायचा, हे अजून ठरलेलं नाही.