शालीखालचा हात

आमच्या पेटीच्या सरांचा पंचाहत्तरीचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, भाषणं उरकली आणि सरांनीच बांधलेली भूप रागातली रचना त्यांचे बारा विद्यार्थी बारा पेट्यांवर वाजवू लागले. मी पहिल्या रांगेत सरांच्या शेजारी बसले होते. मध्येच लक्ष गेलं, तर त्यांची शाल डाव्या बाजूला सारखी हलत होती.

"सर, हात थरथरतोय का?" मी हळूच विचारलं.

"छे गं. मागच्या रांगेतल्या पेट्यांचा भाता कमी पडतोय," मंचावरची नजर न काढता ते म्हणाले.

म्हणजे शालीखाली सर चक्क भाता मारत होते. मला हसू आवरेना. पेटी ऐकताना सगळे बघतात ती उजव्या हाताची धावती बोटं. डावा हात मागे बसून नुसती हवा पुरवत असतो, त्याच्याकडे कोण बघतं? सरांनी तरी जन्मभर दुसरं काय केलं? गवयांना साथ केली, आम्हाला शिकवलं, आमच्या बोटांना झेपतील अशा रचना बांधल्या. टाळ्या गवयांना मिळाल्या, बोटं आमची धावली, भाता मात्र सरांचा.

शेवटचा सा लागला, बाराही जणांनी तो लांबवत धरला आणि शाल एकदम थांबली.

"सर, अजून संपलं नाहीये," मी म्हटलं.

"माहीत आहे," सर डोळे मिटून हसले. "भाता भरलाय आता. वाजू दे त्यांना."