लहान चकती
ग्रीसचा वास आला की मला झेंडू आठवतो. वडिलांच्या फुलं नेण्याच्या सायकलीला मी घरीच मोटर बसवली होती. पेडलची दातेरी चकती निवडताना ते म्हणाले, “लहानच बसव, गुडघ्यांना हलकी जाते.” मी हसलो. “मोटर असल्यावर तुमच्या गुडघ्यांना कोण विचारतंय?” म्हणत मोठी बसवली, कारण रविवारी त्र्यंबकच्या रस्त्यावर मला वेग हवा होता. तिसऱ्याच दिवशी चढावर बॅटरी संपली. झेंडूचं ओझं मागे घेऊन, जड पेडल मारत त्यांनी बाजार गाठला. दुपारी परतल्यावर सायकल पायरीशी टेकवून ते गुडघे धरून बसले. मी खाली वाकलो. पाय चेपायला आलो असं समजून त्यांनी पायजमा वर घेतला. मी चकतीचे दाते तपासत होतो. आता रोज त्यांचे पाय चेपतो. त्या दुपारनंतर ते स्वतःहून पायजमा वर घेत नाहीत; मलाच करावा लागतो.