अंधारात बसलेली माणसं

लोककथा देवळाच्या पायरीवर किंवा पिंपळाच्या पारावर मिळतात, असा माझा पुष्कळ वर्षांचा समज होता. आता वाटतं, माणसाला जिथे नाइलाजाने वाट पाहत बसावं लागतं, तिथे त्या आपोआप साचतात. चारोटी नाक्यावरच्या विनोदच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एक बाकडं आहे. माझ्यासारख्या लोककथांच्या अभ्यासकाने टिपून ठेवावेत असे डहाणू-तलासरीकडचे किती किस्से मी तिथे बसून ऐकले! काही तर डोळ्यांदेखत घडले.

•

पहिला माझाच. रानशेतच्या लग्नगीतांचं माझं सगळं ध्वनिमुद्रण आणि गाणाऱ्या बायकांची छायाचित्रं ज्या लॅपटॉपवर होती, त्याचा पडदा मंद होत होत एके दिवशी काळा पडला. विनोदने तो सुरू केला, दुकानातला दिवा घालवला आणि टॉर्च तिरका धरून पडद्यावर फिरवला. टॉर्चच्या वर्तुळात एक कपाळ दिसलं, मग एक नथ, मग गाणं म्हणताना उघडलेलं तोंड. वर्तुळ सरकलं की सगळं पुन्हा काळोखात.

"चित्र आहे, फक्त मागचा उजेड गेलाय," विनोद म्हणाला. "घाबरू नका सर. तुमची माणसं आहेत आत. नुसती अंधारात बसलीयत."

त्यांतल्या दोघी तोवर वारल्या होत्या. हे त्याला ठाऊक नव्हतं.

•

हाच प्रयोग एकदा रानशेतच्या एका म्हाताऱ्या भगताने पाहिला. सुपातले तांदळाचे दाणे निरखून आजाराचं कारण सांगणारा हा माणूस नातसुनेचा लॅपटॉप घेऊन आला होता. विनोदचा टॉर्च फिरत असताना तो मान पुढे काढून बघत राहिला.

"आमी पन असंच बघतो," तो म्हणाला. "तुला आत दिसतं ते गिऱ्हाइकाला सगलं सांगतोस काय?"

"सगळं नाही सांगत, बाबा."

"मी पन नाय सांगत," भगत म्हणाला आणि बराच वेळ विनोदकडेच बघत बसला. विनोदने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

•

तलासरीच्या एका शिक्षकांची तक्रार वेगळी होती. घरात दुसरं कोणीही बसलं तर लॅपटॉप उत्तम चाले. ते स्वतः टंकायला बसले की पडदा विझे. विनोदने त्यांना समोर बसवून टंकायला लावलं आणि हसला. रक्तदाबासाठी म्हणून विकतात तसलं चुंबकाचं कडं त्यांच्या डाव्या मनगटात होतं. चुंबक जवळ आलं की यंत्राला झाकण मिटल्याचा भास होतो.

"कडं काढून ठेवा, मास्तर."

"वडिलांचं आहे," मास्तर म्हणाले. "तेराव्यानंतर घातलं. मी कॉम्प्युटरवर बसलेलं त्यांना कधी खपलं नाही."

मास्तरांनी कडं उजव्या हातात चढवलं, लॅपटॉप उचलला आणि जाता जाता म्हणाले, "या हाताला बहुधा चालवून घेतील."

•

धाकटी डहाणूच्या एका आजींनी मात्र विनोदला चांगलंच गोत्यात आणलं होतं. सुकी मासळी विकायला आलेल्या आजींनी लेकाचा लॅपटॉप पुढे केला आणि सांगितलं, "भावा, याचा उजेड वाढलाय." विनोदने उजेड कमी करून दिला. दुसऱ्या दिवशी आजी परत हजर. "अरे, काल जरा तरी दिसत होतं! आज पार वाढवून टाकलास."

बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. आजींनी तोच नियम उजेडाला लावला होता, कारण घरातला दिवा गेला हे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. अशुभ शब्द टाळला की अशुभ टळतं, ही श्रद्धा मी विनोदला सविस्तर समजावून सांगितली. त्याने ती लक्षात ठेवायला हवी होती. खरं तर मीच ठेवायला हवी होती.

•

कारण दसऱ्यानंतरच्या सोमवारी जागृतीताई आल्या. त्याही धाकटी डहाणूच्याच. नवरा हरेश स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. वारा फिरला होता, बाकीच्या होड्या परतल्या होत्या आणि हरेशचा पाच दिवस फोन नव्हता. ताई दिवसभर लॅपटॉपवर वाऱ्याचा नकाशा बघत बसायच्या, आणि नेमका तोच इतका मंद झाला होता की किनारा कुठे आणि पाणी कुठे, ते कळेना.

विनोदने तो एकदाच पाहिला. दसऱ्याच्या पूजेत ताईंनी लॅपटॉपला कुंकू लावलं होतं. यंत्राचं कपाळ म्हणजे पडद्याच्या वर, अगदी मधोमध. आणि खोलीत उजेड किती आहे ते जोखून पडद्याचा उजेड ठरवणारं बारीक छिद्र नेमकं तिथेच होतं. कुंकवाखाली त्या यंत्राला कायमची रात्र झाली होती.

"काही बिघाड नाही, ताई. कुंकू पुसलं की झालं."

ताई उठून उभ्या राहिल्या.

"तो शब्द परत काढू नका, भाऊ. माणूस पाण्यावर आहे माझा."

"अहो, मी लॅपटॉपचं म्हणतोय."

"लावताना त्याचं नाव घेऊन लावलंय. मंद तर मंद. दुसरं काही होत असेल तर बघा, नाहीतर तसाच द्या."

"ठेवून जा. उद्या या," विनोद म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने उजेडाचं सेटिंग बदलून पाहिलं; ते टिकेना. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. अशा प्रथांवर मी आयुष्यभर लिहीत आलो आहे. मी नजर वर्तमानपत्रात ठेवली. विनोदने ओल्या फडक्याने ते कुंकू पुसलं, पडदा लख्ख झाला, आणि दुकानातल्या देव्हाऱ्यातलं कुंकू घेऊन त्याने छिद्रापासून जरासं बाजूला तसंच बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी झाकण उघडलं. नकाशाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"रंग तोच आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "बोट माझं नाही."

त्या लॅपटॉप पदराखाली घेऊन गेल्या.

होडी त्याच संध्याकाळी आली. सगळे सुखरूप! विनोदने मला फोन करून सांगितलं तेव्हा माझ्याही मनावरचा दगड उतरला.

आठवड्याने मी दुकानात होतो, तेव्हा उन्हाने रापलेला एक उंच माणूस दारात येऊन उभा राहिला. हातात तोच लॅपटॉप. हरेश.

"विनोदभाई, काय केलंत याला?"

"का? परत मंद झाला?"

"नाय. लख्ख आहे. ती उघडतच नाय." तो उंबऱ्याच्या आत आला नाही. "मी होडीतून उतरलो तेव्हा ती धक्क्यावर होती. रडली नाय, काय नाय. जवळ आली, दोन्ही हातांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बघत राहिली. मग म्हणाली, 'रंग तोच आहे. माणूस माझा नाही.'"