ढोलीवरून गेलेली हाक

मूल गावात राईस मिलच्या मागे राहणाऱ्या रुखमाबाईंचा आवाज चार घरांपलीकडे जायचा. हाक मारायची तर त्या मान वर करून आढ्याकडे बघायच्या. घर कवेलूचं, कौलारू; आतल्या भिंती छपरापर्यंत पोचतच नाहीत. हाक त्या फटीतून निघायची आणि पुढच्या खोलीतल्या दुकानात, मोबाइल दुरुस्त करत बसलेल्या लेकीच्या, संघप्रियाच्या डोक्यावर जाऊन पडायची.

मागच्या उन्हाळ्यात लकवा मारला. हात बराच सावरला, पण आवाज गेला. उरली नुसती कुजबुज.

मग लेकीने साबणाच्या डबीत एक बटन बसवलं, त्याला वायफायची चिप जोडली. मायने बाजेवरून दाबलं की दुकानात लाल बल्ब पेटायचा. पावसाळाभर पेटला. कधी पाण्यासाठी, कधी नुसतं "गिऱ्हाईक कोन होतं वो?" विचारायला.

"खेळणं हाय ते, प्रिया," नागपूरहून राजदीपदादाचा फोन. "रविवारी येतो. चाललं त ठीक, नाई त मायले घेऊन जातो."

"मी नाई जात," माय म्हणाली. पण तिचं बोलणं फोनपर्यंत पोचलंच नाही.

आणि नेमकं तेव्हाच बटन रुसलं. संघप्रियाने सेल बदलले, चिप बदलली. बल्ब पेटला तर पेटला.

रविवारी राजदीप बाजेवर बसला.

"दाब ना दादा!" दुकानातून आवाज आला.

"दाबूनच राह्यलो! तूच झोपली का तिकडं?"

बल्ब काळाच. राजदीप उठला आणि पेटीतून मायची लुगडी काढायला लागला. "चाल माय. नातवंडं वाट पाहून राह्यली."

संघप्रिया दारात येऊन थांबली. मायने जुन्या सवयीने मान वर केली होती. आढ्याकडे बघत तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. लेकीची नजर मायच्या नजरेमागून भिंतीवर गेली, तिथून खाली, मायची खोली आणि दुकान यांच्या मधल्या खोलीत. तिथे बांबूची, शेणाने लिंपलेली ढोली उभी होती. पावसाळ्यात रिकामी होती ती. आता नव्या ओलसर धानाने गळ्यापर्यंत भरलेली.

"दादा, लुगडी ठेव. शिडी आन."

"काऊन?"

"माय वरून हाक मारे. आपलं वायफाय खालून जाऊन राह्यलं, धानावर डोकं आपटून."

दुकानाच्या टेबलावरचं राऊटर भिंतीच्या माथ्यावर चढलं. राजदीपने वायर लांबवली, सुतळीने बांधलं, शिंकत शिंकत.

"या धुळीत चालते का हे?"

"तू दाबून पाय."

त्याने दाबलं. बल्ब पेटला. पुन्हा दाबलं, पुन्हा पेटला. विश्वास बसेना म्हणून दाबतच राहिला.

"जाळतो का बल्ब आता?" संघप्रिया दुकानातून ओरडली.

मायने त्याच्या हातातून डबी काढून घेतली आणि स्वतः दाबली. संघप्रिया धावत आली. "काय वो माय?"

माय कुजबुजली, "दादाले लवकर चाय दे. नाई त त्याची बस चुकन."

थोडं थांबून तिने पेटीकडे बोट केलं. "आन् लुगडी जशी होती तशी ठेव म्हना त्याले."