फाइल कुणीतरी बघतंय

ओदालिस वेर्देसिया लहानपणापासून भित्री. वीज कडाडली की पलंगाखाली, कुत्रा भुंकला की आईच्या झग्यात. मोठी झाली, पाळणाघराच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली, तरी कुकर फुसफुसायला लागला की ही अंगणात जाऊन उभी. बरोबरच्या बायका हसत. ती म्हणे, "हसा. फुटेल त्या दिवशी मी एकटीच वाचेन."

अशा बाईच्या घरात गल्लीतला सगळ्यात मोठा कॉम्प्युटर असावा, ही नशिबाची थट्टाच. तो तिच्या मुलीचा. मुलगी माद्रिदला गेली आणि कॉम्प्युटर आईच्या गळ्यात पडला. हवानाच्या लॉटन वस्तीत, त्या चढावरच्या गल्लीत गच्च्यागच्च्यांवरून वायरी गेल्या होत्या. परवानगी अर्थातच कुणाची नव्हती. दर आठवड्याला डिस्कवाला येऊन नव्या मालिका, सिनेमे, गाणी ओदालिसकडे उतरवून जाई, आणि मग घराघरांतली माणसं आपापल्या पडद्यावर तिच्याकडचंच लावून बसत. हवानात इंटरनेट कुणाच्या घरी होतं! ही वायर हाच गल्लीचा विरंगुळा. तपासनीस फिरताहेत अशी नुसती कुणकुण लागली तरी ओदालिस कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवी. पण वायर काढावी तर सगळी गल्ली अंगावर येईल, याची भीती त्याहून मोठी.

त्या रविवारी दुपारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. समोरच्या घरातून तोमासा ओरडली, आणि तोमासा ओरडली की बसस्टॉपपर्यंत ऐकू जातं.

"अगं ओदालिस! वाढदिवस झकास झाला हो आईचा! केक काय, नाच काय! पण तुझ्या भावाने परसात ते काय करून ठेवलंय? न्हाणीघराचा टब?"

"कसला टब?"

"अगं, शेवटच्या व्हिडिओत नाही का! पत्र्याचा. त्याला मोटारीचं इंजिन लावतोय. आंघोळ करता करता फिरायला जाणार की काय?"

ओदालिसच्या हातातली चादर खाली रस्त्यावर पडली. तिला कळलं. भाऊ लिओनेल आदल्या दिवशी आपला फोन घेऊन आला होता, "ताई, वाढदिवसाचे व्हिडिओ उतरवून घे." तिने फोनमधलं होतं नव्हतं ते सगळं सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकलं. कौतुकाने! शेजाऱ्यांनी आईचा नाच बघावा म्हणून.

तोमासाला कसंबसं हसून दाखवून ती आत पळाली. व्हिडिओ लावला. लिओनेलचं परस, केळीच्या आड पत्र्याची होडी, शेजारी पेट्रोलचे डबे, आणि त्याचाच आवाज: "बघ, इंजिन बसलं. वारा पडला की निघायचं." ही होडी चोरून पलीकडच्या, अमेरिकेच्या किनाऱ्यावर जायची होती. धाकटा भाऊ बेत करत होता आणि त्याने बहिणीलाही सांगितलं नव्हतं. का, तेही तिला ठाऊक होतं. ती भित्री म्हणून.

तिने लगेच फाइल पुसायला घेतली. कॉम्प्युटर म्हणाला, पुसता येत नाही, फाइल वापरात आहे.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. म्हणजे आत्ता, या घटकेला, गल्लीत कुणीतरी तो व्हिडिओ लावून बसलं होतं. मुलीने फोनवरून शिकवून ठेवलं होतं, कुठल्या घरातून काय उघडलंय ते कसं बघायचं. तिने बघितलं. प्रत्येक घराच्या मशीनला घरच्यांनी ठेवलेलं नाव होतं. पडद्यावर एकच नाव आलं: काप्तान.

काप्तान म्हणजे एवेलियो फोन्सेका. गल्लीच्या सरकारी कमिटीचा अध्यक्ष. कुणाकडे कोण आलं, कुणी डुक्कर कापलं, कुणाच्या घरी नवा पंखा आला, सगळं त्याच्या डोळ्यांखालून जाई आणि जिथे पोहोचायचं तिथे पोहोचे.

वायर उपटावी? मग त्याला कळणार की हिला कळलं. लिओनेलला फोन करावा? फोनवर असलं बोलतात का कुणी! ती उठली, बसली, पुन्हा उठली. फ्रिजमध्ये सकाळचा दूधभात होता. वाडग्यात काढला, वर दालचिनी भुरभुरली, आणि पाय नको नको म्हणत असताना एवेलियोच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार त्यानेच उघडलं. मागे पडद्यावर लिओनेलचा चेहरा थांबवून ठेवलेला.

"आत ये," तो म्हणाला. आणि दाराला कडी घातली.

कडीच्या आवाजानेच ओदालिस अर्धी मेली. "एवेलियो, तो मासेमारीसाठी... म्हणजे नुसता छंद हो त्याला... पोराला पहिल्यापासून पत्रे ठोकायचा नाद..."

"किती माणसं बसतील?"

"माणसं? नाही हो, माणसं कुठली, मासे..."

"ओदालिस, मी जहाजावर होतो. मासे धरायला एवढं पेट्रोल घेत नाहीत. किती बसतील?"

ती रडायलाच लागली. वाडगा हातात तसाच. तेव्हा एवेलियोने तो काढून घेतला, आणि खिडकीही लावून घेतली.

"माझ्या युदेल्किसला न्या," तो अगदी हळू म्हणाला. "जावई तिकडे अमेरिकेत, ताम्पाला आहे. व्हिसाला दरवेळी नाही म्हणतात. पोरगी वाळत चाललीय माझी. मी कुणाला विचारू? मी, अध्यक्ष! सकाळपासून हेच लावून बसलोय. तुझ्या दारात यावं म्हणून तीनदा बूट घातले. म्हटलं, मला बघून तू जागच्या जागी पडशील. आणि खरं सांगू? तू उद्या जाऊन माझंच नाव सांगितलंस तर, या भीतीने माझाच पाय उचलेना."

आयुष्यात कुणी आपल्यालाही घाबरतं, हे ओदालिसला पहिल्यांदाच कळलं. त्याने तिची भीती काही कमी झाली नाही. उलट आता दोघांची मिळून एक झाली.

"आधी ते बंद करा," ती म्हणाली. "मला पुसायचंय."

त्याने बंद केलं. घरी येऊन तिने पुसलं. तोमासाला सांगितलं की भाऊ पावसाचं पाणी साठवायला टाकी करतोय. तोमासाने "हं" म्हटलं. ते "हं" ओदालिसला कित्येक रात्री झोपू देईना. लिओनेल आधी चिडला, मग पांढराफटक पडला, आणि शेवटी युदेल्किसला न्यायला कबूल झाला. नाही म्हणण्याची सोयच कुठे होती!

वारा पडला, आणि ते गेले.

मग वाट बघणं. बंदराच्या बाजूने सायरन वाजला की ओदालिस पाळणाघरात भात ढवळता ढवळता थांबे. एवेलियो रस्त्यात भेटला की दोघं हवेबद्दल बोलत. "आज समुद्र शांत दिसतो," तो म्हणे. "हो ना," ती म्हणे. गल्लीला वाटे, म्हाताऱ्यांना झालंय काय!

ते पोहोचले नाहीत. इंजिन मध्येच बंद पडलं, आणि पलीकडच्या गस्तीच्या बोटीने त्यांना उचलून परत आणून सोडलं. लिओनेल घरी आला तेव्हा ओठ फुटलेले, खांद्यांची सालं निघालेली. युदेल्किसला बापाने मावशीच्या गावी पाठवून दिलं, बरी होईपर्यंत. चौकशीला दोन माणसं आली, आणि नियमाप्रमाणे आधी कमिटीच्या अध्यक्षाकडे गेली. आत काय बोलणं झालं कुणास ठाऊक. लिओनेलला दंड झाला, तेवढ्यावर भागलं. टाकी बुडाली, एवढंच तोमासा म्हणाली, आणि डोळा मिचकावला.

ओदालिस अजून भित्रीच आहे. वायर तिने काढली नाही. पण गल्लीसाठी काही ठेवायचं तर आधी स्वतः पहिल्यापासून शेवटापर्यंत बघते, बारशाचे व्हिडिओसुद्धा, छातीवर हात ठेवून. लिओनेल परसात पुन्हा काहीतरी ठोकतोय. काय, ते ती विचारत नाही. एकदा मात्र तोच म्हणाला, "ताई, या वेळी तुला आधी सांगेन."

"सांग," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.