नुसता ओढायचा चोक

कोपरीचा तो मोटारींचा वायरमन इंजिनाशी भरपूर बोलायचा. माणसांना नुसतं 'हं'. माझे वडील, अण्णा, सकाळी थंड इंजिन सुरू करायला जुन्या मोटारीचा चोक ओढत आणि परत आत ढकलायला विसरत. मग गाडी काळा धूर ओकायची. म्हणून त्याने आपोआप चालणारा इलेक्ट्रिक चोक बसवला, वायर चावीवरून घेतली, म्हणजे चावी फिरवली की झालं. डॅशबोर्डवरचं चोकचं जुनं बटण मात्र कशालाही न जोडता तसंच ठेवलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"अण्णांना ओढायला."

अण्णा रोज निवृत्त साहेबाच्या ऐटीत ते ओढत. "माझ्याशिवाय ही सुरू होत नाही!"

अण्णा वारल्यावर मी वायरमनला ते बटण काढायला सांगितलं. तो इंजिनाकडेच बघत म्हणाला, "राहू दे, साहेब. पुढे तुम्हाला लागेल."