भिजवलेली माती

दुर्गदबैलच्या बाजारातला तो बियाणेवाला गिऱ्हाइकाला गाव विचारत नाही, माती मागतो. शेतकरी रुमालाच्या टोकाला मूठभर बांधून आणतात. तो ती भिजवून बोटांत वळतो. काळी असली तर वातीसारखी वळते, म्हणजे गाव पूर्वेचं, कोरडं, जोंधळा द्यायचा. तांबडी तुटते, म्हणजे पश्चिमेची, अळणावरकडची, सागवानाच्या रानालगतची, भरपूर पावसाची, भात द्यायचा. मी शाळेत भूगोल शिकवतो, पण धारवाड जिल्ह्याच्या या दोन बाजू मला त्याच्या बोटांतूनच कळल्या. तो कधी अडखळत नाही, याचा मला आधार वाटायचा.

परवा अळणावरकडच्या एका बाईनं तांबडी माती पुढं केली आणि जोंधळ्याचं बी मागितलं.

"अक्का, ही भाताची माती."

"माती आहे हो अण्णा. पाऊस कुठं आहे?"

त्यानं माती पुन्हा भिजवली, पुन्हा वळली. ती तुटलीच. मग त्यानं दोन्ही पिशव्या तिच्यापुढं ठेवल्या.

"अर्धं अर्धं पेरा."

ती गेल्यावर तो कितीतरी वेळ बोटं पुसत राहिला.

"सर, नकाशात दोन्ही बाजूंच्या मधली रेघ अजून तिथंच काढता?"

"तिथंच."

"मग पोरांना पेन्सिलीनं काढायला सांगा."